बिनडोक्या तपासेची भवानी

माझ्या हाताखाली एके काळी चाळीस गडी कामाला होते आणि त्यांतल्या एकालाही डोकं नव्हतं. मोठ्या कचेऱ्यांतून साहेब म्हणून निवृत्त झालेल्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. पण माझ्या गड्यांना खरोखरच डोकं नव्हतं. (चाळीस हा आकडा माझा. आमच्या सुलभाबाई म्हणतात बारा. त्या बायको असल्यामुळे त्यांना आकडा कमी करूनच सांगायची सवय आहे.)

आता धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढे कोणी मला मांत्रिक समजायला नको. तुम्ही मोबाइलवर एखादी साइट उघडता, बोटाने वर-खाली करता, नाव-पत्ता भरता, बटण दाबता. हे सगळं ज्या प्रोग्रॅममधून करता त्याला ब्राउझर म्हणतात. तोच ब्राउझर माणसाशिवाय चालवायचा. त्याला आधीच लिहून द्यायचं : इथे जा, हे भर, ते दाब, आणि काय झालं ते मला येऊन सांग. बोट नको, डोळे नकोत, पडदाही नको. पडद्यावर खिडकी उघडतच नाही, म्हणून इंग्रजीत त्याला हेडलेस म्हणतात. आमच्या बोईसरला सरळ बिनडोक्या.

पडदा का नको? कारण कॉम्प्युटरची निम्मी ताकद ती चित्रं रंगवण्यात जाते. खिडक्या उघडून चार ब्राउझर चालवले की माझा जुना डबा घाटात अडकलेल्या एसटीसारखा धापा टाकायचा. खिडक्या बंद केल्या की त्याच डब्यात चाळीस जण आरामात राबायचे. (बारा.)

आणि राबून करायचे काय? तर साइटींची राखण. साइट ही वाळत घातलेल्या पापडासारखी असते, कोणी हात लावला नाही तरी तिचा कोपरा वळतोच. काल चाललेलं बटण आज चालत नाही. गिऱ्हाईक येतं, बटण दाबतं, काही होत नाही, निघून जातं. भांडतसुद्धा नाही! दुकानदार बसतो गल्ल्यावर माश्या मारत. म्हणून माझे गडी रोज उजाडताना प्रत्येकाच्या साइटवर गिऱ्हाईक बनून जायचे, एक लुटुपुटुची ऑर्डर द्यायचे, ती बरोबर नोंदली गेली की लगेच रद्द करायचे आणि मला 'ठीक' म्हणून कळवायचे.

सरावलीला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माळ्यावर माझं ऑफिस होतं. खाली खिळे किलोवर, वर भुतं महिन्यावर. बरीचशी गिऱ्हाइकं तारापूरच्या कारखानदारीतली. त्यांतले एक रंगाच्या कारखान्याचे शेठ मला जन्मभर विसरायचे नाहीत. हिशेब चुकता करायच्या दिवशी ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "तुम्हारा आदमी काम करता है, तो दिखता क्यों नहीं?"

"शेठ, तो दिसत नाही म्हणूनच स्वस्त पडतो."

"जो दिखता नहीं, उसकी हाजिरी मैं कैसे लगाऊँ?"

शेवटी मी एकाला डोकं बसवलं. म्हणजे खिडकी उघडी ठेवून, वेग कमी करून त्यांच्यासमोर चालवला. चौकटीत आपोआप अक्षरं उमटायला लागली, बटणं आपोआप दबायला लागली. शेठ उठून उभे राहिले. त्यांनी हिशेबनीस बोलावला, वॉचमन बोलावला, बॉयलरवाला बोलावला. बॉयलरवाल्याने मनगटातला काळा दोरा चाचपला. पुढे महिनाभर पाहुणा आला की शेठचा फोन ठरलेला : "जरा अपना भूत भेजो." एकदा तर साइट उत्तम चालत असताना, भूत दाखवायला सगळा कारखाना खिडकीशी जमला आणि रंगाची एक अख्खी टाकी दाट होऊन बसली, असं ऐकिवात आहे. ऐकिवात माझ्याच, पण आहे.

त्या शेठना मी एक दिवस सुनावलं, "शेठ, तुम्ही घरी झोपलेले असता तेव्हा बॉयलर थंड पडतो का? दिसत नाही म्हणून काम होत नाही, असं थोडंच असतं?" हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते कार्डावर छापून घेणार होतो. ते लक्षात ठेवा. एका बाईने ते मला परत ऐकवलं, तेही माझ्यापेक्षा चांगलं.

एक गृहस्थ मात्र मी जिन्यावरूनच परत पाठवले. त्यांना रेल्वेच्या तिकिटांवर सकाळी झडप घालणारे बिनडोके हवे होते. मी म्हटलं, माझ्या गड्यांना डोकं नसलं तरी अब्रू आहे. बाकी चोख दाम देणारा माणूस होता. जिना उतरताना त्याच्या बुटांचा आवाज अजून आठवतो, थोडासा हळहळूनच आठवतो.

आता खरी गोष्ट. शिरगावच्या अंगाला किनाऱ्यावर एका कोळीवाड्यात बायकांचा एक गट होता. बोंबील, जवळा, करंदी वाळवायची आणि विकायची. वर्षानुवर्षं त्यांचा माल दामूशेठ नावाच्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत जायचा, तो ठरवेल त्या दराने. त्या वर्षी गटाच्या म्होरक्या जानकीमावशी यांनी हिंमत केली. त्यांची सून रेश्मा बोईसरला कचेरीत काम केलेली, चार बटणं जाणणारी. तिने साइट बनवली. गिऱ्हाइकाने घरबसल्या मागवायचं, रोज दुपारच्या आत पार्सलची गाडी येऊन पुडे घेऊन जाणार. पण बाकीच्या बायकांनी मावशींना एक अट घातली होती : पावसाआधी लोक वर्षाची बेगमी करतात, तेवढ्यात माल खपला तर ठीक. नाहीतर उरलेला सगळा दामूशेठला, तो देईल त्या भावाने, आणि साइटला कायमचं कुलूप.

दामूशेठ रोज संध्याकाळी स्कूटरवरून यायचे, वाळणाऱ्या बोंबलांखाली बसून हक्काने चहा प्यायचे आणि म्हणायचे, "जानके, माशाला फोन उचलता येत नाही गो."

"तुजा फोन तरी कोन उचलतो?" मावशी म्हणायच्या.

साइटची राखण रेश्माने माझ्याकडे दिली. मी एक खास गडी नेमला. ऑर्डर द्यायची तर नाव हवं, म्हणून त्याचं नाव ठेवलं के. तपासे, पत्ता माझ्याच घरचा. रोज उजाडताना के. तपासे साइटवर जायचा, बोंबलाची एक जुडी मागवायचा, क्षणात रद्द करायचा आणि मला 'ठीक' कळवायचा. पंधरवडाभर सगळं ठीक. माझ्या पडद्यावर गटाच्या नावापुढे हिरवा ठिपका, पाचूसारखा.

आणि एके दिवशी मावशींचा फोन : "भाऊ, तू असशील तसा ये."

गेलो. वलांडीवर, म्हणजे त्या बांबूंच्या उंच मांडणीवर, बोंबील तोंडात तोंड अडकवून झुलत होते. खाली पुडे बांधून रचलेले. बायका हात बांधून बसलेल्या. रेश्माने फोन दाखवला. ऑर्डरी होत्या, चांगल्या होत्या, पण माल दोन-दोन दिवस उशिरा जात होता आणि गिऱ्हाइकं चिडून ऑर्डर मागे घेत होती.

"अहो, मग उशीर कशाला करता?"

"त्या मुडद्याला विचार," मावशी म्हणाल्या. "तपासे! कोन मेला तपासे हाय, तो रोज सक्कालच्या पारी पयला येतो, जुडी मागतो आनि लगेच नको म्हनतो. माजी भवानी मोडतो रे रोज!"

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. मासळीवाली पहिल्या गिऱ्हाइकाला दोन पैसे सोडेल, पण परत पाठवणार नाही. आलेला पैसा कपाळाला लावेल, मग टोपलीला. आणि पहिलंच गिऱ्हाईक हात लावून माल टाकून गेलं की दिवस नासला. दुसरी चोख भवानी झाल्याशिवाय ती पुढचा माल हलवत नाही. म्हणून गेला पंधरवडा मावशी रोज तपासेला शिव्या घालून, फोन पालथा ठेवून, टोपली डोक्यावर घेऊन पालघरच्या बाजारात जात होत्या. तिथे रोख भवानी करून परत यायच्या, तोवर बहुतेक वेळा पार्सलची गाडी निघून गेलेली. साइट ठणठणीत, धंदा बुडीत. आणि बुडवणारा माझा गडी!

"मावशी, तपासे माणूस नाही," मी म्हटलं.

"ते कललंच मला."

"तसं नव्हे. तो यंत्र आहे. मीच पाठवतो त्याला. त्याला डोकं नाही."

मावशींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्याला नाय का तुला?"

बायका हसल्या. मी तपशीलवार समजावलं. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरा. मग त्याला पयला नको पाठवू. उनं वर आल्यावर पाठव."

"तसं चालत नाही. तोच पहिला जायला हवा. साइट बिघडलेली असली तर गिऱ्हाईक येण्याच्या आधी आपल्याला कळायला पाहिजे."

मग मी माझ्या धंद्यातली नामी युक्ती काढली. म्हटलं, मावशी, मी असं करतो की तपासेची ऑर्डर तुमच्या फोनवर वाजणारच नाही. तो येईल, जाईल, तुम्हाला दिसणारसुद्धा नाही. रेश्माने मान डोलावली. बायकांनीही डोलावली. मी खिशातून रुमाल काढून विजयाने कपाळ पुसलं.

"आनि तो येल तर खरा ना?" मावशी म्हणाल्या.

"येईल, पण दिसणार नाही."

"दिसला नाय म्हनून आला नाय, असा व्हतो काय रे? दारात येऊन माल टाकून गेला तो गेलाच. मला दिसला नाय, तरी भवानीला दिसतो ना."

माझं कार्डावर छापायचं वाक्य! रंगाच्या शेठच्या तोंडावर फेकलेलं ते वाक्य शिरगावच्या किनाऱ्यावर माझ्याच डोक्यात येऊन बसलं.

"मग करू काय, मावशी?"

"त्याला सांग, पयला आलास तर घेऊन जा. हात लावायचा नि नको म्हनायचा, ही कनची रीत? डोस्का नसला तरी रीत असावी."

झालं. मी घरी येऊन तपासेच्या कामातली शेवटची ओळ, ऑर्डर रद्द करण्याची, काढून टाकली. जगातले तमाम बिनडोके खोटी खरेदी करतात. आमचा तपासे हा पहिला, जो खरी खरेदी करायला लागला आणि ज्याची जुडी रोज माझ्या घरी यायला लागली.

पहिल्या दिवशी सुलभा म्हणाली, "वा, बोंबील!" चौथ्या दिवशी म्हणाली, "परत?" दहाव्या दिवशी तिने नुसती जुडी माझ्या उशीवर ठेवली. घरात भाजलेले, तळलेले, कालवणातले, चटणीतले बोंबील झाले. सरावलीतल्या मांजरांनी आमच्या जिन्यात बैठक भरवली, बेटेगावची मांजरं पाहुणी म्हणून आली. पार्सलवाला पोऱ्या नव्हे, चांगला मिशाळ भैया, तो एक दिवस हात जोडून म्हणाला, "बाबूजी, ये तपासेजी से एक बार मिलवा दो. इतना खाने वाला आदमी देखा नहीं."

"वो बाहर नहीं आते."

"आएँगे कैसे," तो माझ्या दारातून आत डोकावत म्हणाला, "बेचारे का पेट भारी होगा."

शेवटी सुलभाने तपासेचा ताबा घेतला. "तुमच्या त्या बिनडोक्याला सांगा, सोमवारी मासळी नको, मंगळवारी जवळा, बुधवारी करंदी." मी तसं त्याला लिहून दिलं. सोमवारी तो गटाकडची लिंबाच्या लोणच्याची छोटी पिशवी घ्यायचा. त्यामुळे साइटवरच्या प्रत्येक वस्तूची तपासणी व्हायला लागली आणि माझी राखण पहिल्यापेक्षा पक्की झाली. हे मी सुलभाला अजून सांगितलेलं नाही.

तिकडे मावशींचा दिवस सुरळीत झाला. फोन वाजला की ऑर्डर कपाळाला लावायची सोय नाही, म्हणून त्या फोनच कपाळाला लावायच्या. "आला गो तपासे!" म्हणून हाक द्यायच्या आणि पुडे सुटायचे. रचलेला ढीग दिवसागणिक उतरायला लागला. दामूशेठचा चहा तेवढ्याच साखरेचा होता, पण त्यांना तो कडू लागायला लागला.

मे संपत आला. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि बायकांचे डोळे वर जायचे. ढीग खूपसा उतरला होता, तरी बराच बाकी होता. बैठकीत ठरलं, येत्या रविवारी सुट्टीचा दिवस, लोक घरी असतात, तो शेवटचा. रविवारी संध्याकाळी जे उरेल ते दामूशेठच्या टेम्पोत आणि पुढच्या वर्षी साइट नाही. रेश्माने शनिवारी संध्याकाळी ओळखीच्या झाडून सगळ्या मोबाइल ग्रुपांवर निरोप धाडला आणि साइटवर एक झोकदार पाटी लावली : 'पावसाआधीची बेगमी आजच करा!' दोन्ही बाजूंना मासे, मध्ये छत्री.

रविवारी सकाळी मी चहाचा दुसरा कप घेत होतो. माझ्या फोनच्या पडद्यावर सगळे ठिपके हिरवे. फोन वाजला. मावशी.

"भाऊ, तपासे बरा हाय ना?"

"का हो?"

"अजून आला नाय. कवापास्ना बसलीय मी."

मी हसलो. "मावशी, तो आजारी पडत नाही. इथे सगळं हिरवं आहे, म्हणजे तो येऊन गेला."

"तुज्या हिरव्याला काय करू? माज्या दारात नाय आला. आनि दुसरा पन कोन नाय आला. रेश्माने गावभर सांगितला, तरी एक नाय. तू ऊठ आनि बघ."

इतक्या अधिकाराने मला आजवर कोणत्याही शेठने उठवलं नव्हतं. कप ठेवला आणि ऑफिसात गेलो. डबा चालू होता, पंखा फिरत होता. पण आदल्या रात्री वीज क्षणभर गेली असावी. डबा पुन्हा आपोआप सुरू झाला, गडी सगळे आत हजर, फक्त त्यांना पहाटे उठवणारा कोंबडा, म्हणजे वेळेवर काम सुरू करणारा प्रोग्रॅम, तो उठलाच नव्हता. गडी झोपलेले. आणि ठिपके? ते कालचेच हिरवे. माझी सगळी हुशारी अशी की गड्याने येऊन 'बिघडलं' म्हटलं तर ठिपका लाल व्हायचा. गडी आलाच नाही तर काय, हे मी लिहिलंच नव्हतं. गप्प बसलेली बायको सुखी आहे असं समजणाऱ्या नवऱ्यासारखी माझी यंत्रणा होती.

तपासेला हाताने उठवला, साइटवर धाडला. तो लगेच परत आला. म्हणाला, बटण दिसतंय, पण त्याच्यावर काहीतरी बसलंय, दाबता येत नाही. बिनडोक्याचा हा एक गुण, तो लाजत नाही. जे आहे ते सांगतो.

त्याच्यावर काय बसलं होतं? रेश्माची छत्री! मोठ्या पडद्यावर पाटी वरच्या अंगाला झोकात दिसत होती. छोट्या फोनवर मात्र (तपासे फोनवालं गिऱ्हाईक बनूनच जायचा) ती पसरून बरोबर 'ऑर्डर द्या' या बटणावर बसत होती. गिऱ्हाइकं येत होती, छत्रीला बोटं टोचत होती आणि निघून जात होती.

मी फोन केला. "रेश्मा, छत्री मिट!"

"काय?"

"पाटी काढ, आधी पाटी काढ. बटणावर बसलीय!"

पलीकडून तिची किंकाळी ऐकू आली, मग मावशींचा आवाज, "मेला दामूशेठ आज सकालपास्ना समोरच बसलाय, हलू बोल." पाटी गेली. मी तपासेला पुन्हा धाडला. गेला, मागवली जुडी, आला, म्हणाला ठीक. फोन मी बंद केलाच नव्हता, त्यामुळे पलीकडे वाजलेली ती टिंग मला इथे सरावलीत ऐकू आली. आणि लगेच मावशींची हाक : "आला गो तपासे!"

त्याच्यामागून जी रीघ लागली ती मी काय वर्णू! रेश्माने ग्रुपांवर पुन्हा निरोप टाकला होता. माझ्या सांगण्यावर जाल तर फोन इतका वाजला की गरम होऊन त्याच्यावर एक करंदी भाजून निघाली. रेश्माच्या सांगण्यावर जाल तर, 'चांगल्या आल्या.' पार्सलची गाडी त्या दिवशी दोनदा आली. संध्याकाळी दामूशेठच्या टेम्पोत चढवायला उरलं ते एक पोतं, आणि तेही मावशींनी विकलं नाही.

"हा तुला खायला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "सक्कालच्या पारी पयला येऊन भवानी केली असतीस, तर ताजा दिला असता."

नंतर मी रात्रीच्या वीज-प्रकरणाची चौकशी बाकीच्या गिऱ्हाइकांकडे केली. त्या सकाळी कोणाच्याच साइटवर माझा गडी गेला नव्हता. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. रंगाच्या शेठना तर त्या दिवशी उलट त्यांच्या फोनवर आपोआप जाणारा त्यांच्या साइटचा ठिपका हिरवा पाहून फार समाधान वाटलं होतं. आमच्या धंद्याचं हेच दुखणं. नीट चाललं तर कोणी बघत नाही, आणि थांबलं तरी कोणी बघत नाही. सगळ्यांच्या साइटींवर पहारा ठेवणाऱ्या माझ्यावर पहारा ठेवणारं माणूस एकच निघालं, आणि तेही भवानीसाठी खोळंबलं होतं म्हणून.

आता मी धंदा आवरला आहे. हल्ली मोठाल्या कंपन्या कुठल्या तरी परमुलखातल्या डब्यांत हजारो बिनडोके भाड्याने देतात, माझ्या माळ्यावर कोण चढणार? सगळ्या गड्यांना निरोप दिला. एक तेवढा ठेवला.

पावसात गटाचं काम बंद होतं. दसरा झाला, ऊन कडकलं, वलांड्या पुन्हा भरल्या. साइट उघडायच्या आदल्या संध्याकाळी मावशींचा फोन आला, "उद्या त्याला येल म्हनून सांग. दुसऱ्या कोनाची भवानी नको." सकाळी तपासे गेला, जुडी मागवून आला. दुसऱ्या दिवशी मिशाळ भैयाने पुडा आणून दिला. उघडला तर आत दोन जुड्या.

मी फोन केला. "मावशी, एक जास्त आली."

"जास्त नाय. एक तुज्या बायकोची, एक तपासेची."

"अहो, तो खात नाही, मावशी. कितीदा सांगू?"

"तुला दिसत नाय म्हनून?" मावशी म्हणाल्या, आणि फोन ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.